बुळकांडी गेली, मग हा विषाणू का जात नाही?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

कुणी एसटीत असाल, कुणी कॉलेजच्या कट्ट्यावर, आणि मला माहितीये, तुमच्यातले काही जण सकाळी धारा काढताना मोबाईल खिशात ठेवून हा पॉडकास्ट ऐकतात. आजचा भाग खास त्यांच्यासाठी आहे. पण बाकीच्यांनीही जाऊ नका. चहात दूध सगळेच घालतात.

नगरचा इतिहास म्हटलं की आपण निजामशाही, चांदबिबी, भुईकोट किल्ला आणि त्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी लिहिलेला ग्रंथ इथवर येऊन थांबतो. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण इतिहास सांगायची पद्धत तीच आहे. गोठ्याचा इतिहास कुणी सांगत नाही. खरं तर या जिल्ह्यात घराघरात पैसा आला तो बऱ्यापैकी गोठ्यातूनच आला. म्हणून आज गोठ्यातली एक लढाई सांगतो. त्यातली एक लढाई माणसाने जिंकली. दुसरी अजून चालू आहे, आणि त्यात आमच्या घराचाही थोडा वाटा आहे. तो चांगला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या अण्णांनी बाजारातून एक एचएफ गाय आणली. दुसऱ्या वेताची, पाच महिन्यांची गाभण, सत्तर हजाराची. आणल्यावर चार दिवस तिच्या नाकातून पाणी येत होतं, डोळे लाल होते. "प्रवासाने दमलीय," अण्णा म्हणाले. तिला लगेच दावणीला बाकीच्या गायींशेजारी बांधली, कारण दुसरी जागाच नव्हती. दोन महिन्यांनी तिने गाभ टाकला. आईने गोठ्याच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. भावकीतल्या कुणी काही चारलं का, यावर घरात दोन दिवस कुजबुज झाली. मग आमच्या घरच्या जुन्या गायीनेही सातव्या महिन्यात गाभ टाकला. ती गाय माझ्या बहिणीच्या आवडीची होती. त्या दिवशी बहीण जेवली नाही.

आजोबा तेव्हा होते. ते एवढंच म्हणाले, "आमच्या टायमाला बुळकांडी होती. ती निदान दिसायची तरी."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आजचा सगळा भाग खरं तर या एका वाक्याचा अर्थ लावण्यासाठी आहे.

दिसणारा शत्रू

बुळकांडी म्हणजे इंग्रजीतला रिंडरपेस्ट. तुमच्यापैकी बहुतेकांनी हा शब्द ऐकलाही नसेल, आणि ही फार मोठी आनंदाची गोष्ट आहे. जनावराला सपाटून ताप यायचा, तोंडात फोड व्हायचे, डोळ्यांतून पाणी, मग पाण्यासारखी हगवण, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवं. हा विषाणू माणसाच्या गोवराच्या विषाणूचा नातेवाईक. या रोगाने एवढं नुकसान केलं की जगातलं पहिलं पशुवैद्यक विद्यालय फ्रान्समधल्या लिऑं शहरात १७६१ साली निघालं, त्यामागे या रोगाची भीती हे एक मोठं कारण होतं. १८९० च्या दशकात हा रोग आफ्रिकेत उत्तरेकडून दक्षिणेकडे गेला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गायीबैलांपैकी बहुतांश मेले. इथिओपियात तर बैलच उरले नाहीत म्हणून शेती थांबली आणि भीषण दुष्काळ पडला.

आपल्याकडे ब्रिटिश सरकारने जनावरांच्या साथींची चौकशी करायला एक आयोग नेमला. हॅलन नावाचे लष्करी पशुवैद्य त्याचे प्रमुख होते. १८७१ मध्ये त्याचा अहवाल आला. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आणि १८८९ मध्ये जनावरांच्या रोगांवर संशोधन करायला प्रयोगशाळा निघाली. कुठे, माहितीये? आपल्या शेजारी, पुण्यात. इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. पण एवढे जहाल रोगजंतू भर वस्तीजवळ हाताळणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती थेट हिमालयात, कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला हलवली. तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख १८९७ मध्ये तिथे जाऊन आले होते, तेही बुळकांडीसाठीच.

१९२० च्या दशकात मुक्तेश्वरलाच जे. टी. एडवर्ड्स यांनी हा विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा वाढवत नेला. असं करता करता तो गायीसाठी सौम्य झाला आणि त्याचीच लस झाली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम निघाली ती याच लशीवर. पण या लशीची एक अडचण होती. आपल्या गावठी जनावरांना ती मानवायची, परदेशी आणि संकरित गायींना मात्र जड जायची. पुढे केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी पेशींमध्ये वाढवलेली, जास्त सुरक्षित लस तयार केली. ती एकदा टोचली की जवळजवळ जन्मभर पुरायची. या कामासाठी प्लाउराइट यांना १९९९ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

भारतात बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये तमिळनाडूत झाला. त्यानंतर लस थांबवून गावोगाव शोध घेतला गेला, कुठे लपूनछपून तर राहिली नाही ना म्हणून. २००६ मध्ये भारताला मुक्तीचं जागतिक प्रमाणपत्र मिळालं. आणि २०११ मध्ये जाहीर झालं, की पृथ्वीवरून बुळकांडी संपली. देवीनंतर माणसाने मुळासकट उपटलेला हा दुसरा रोग. अजून तरी दुसराच.

आता नीट ऐका. बुळकांडी का संपली? लस चांगली होती, हे झालंच. पण त्याहून मोठं कारण म्हणजे बुळकांडीला लपता येत नव्हतं. जनावराला ती झाली की ते एक तर मरायचं, नाही तर बरं व्हायचं. बरं झालेल्या जनावराच्या अंगात विषाणू उरायचा नाही. म्हणजे सलग काही महिने जर कुणालाच नव्याने लागण झाली नाही, तर विषाणूला राहायला जागाच नाही. खेळ खलास.

आजोबांचं वाक्य आठवा. ती निदान दिसायची.

बुडापेस्टमधला बैल

आता दुसऱ्या शत्रूकडे येऊ. त्यासाठी जरा लांब जावं लागेल, हंगेरीत, आणि गायीकडून डुकराकडे.

१९०२ साल. बुडापेस्टमध्ये अलादार ऑयेस्की नावाच्या वैज्ञानिकांसमोर एक विचित्र रोग आला. एक बैल, एक कुत्रा, एक मांजर. जनावर स्वतःला वेड्यासारखं घासतं, चावतं, कातडी सोलून निघेपर्यंत खाजवतं, आणि दोन-तीन दिवसांत मरतं. सगळ्यांना वाटलं रेबीज, म्हणजे पिसाळणं. पण ऑयेस्कींनी सशांवर प्रयोग करून दाखवलं की हा रेबीज नाही, वेगळाच काही तरी आहे. म्हणून त्याला खोटा रेबीज, स्यूडोरेबीज, असं नाव पडलं. ऑयेस्की रोग हे दुसरं नाव.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना असाच एक रोग आधीपासून माहीत होता. ते त्याला वेडी खाज म्हणायचे. एखादी गाय अचानक खाजवून खाजवून मरायची. कुठून आला रोग? शेजारच्या गायीला काहीच नाही. १९३१ मध्ये रिचर्ड शोप यांनी हे कोडं सोडवलं. हा तोच माणूस, ज्याने डुकरांच्या फ्लूचा विषाणूही शोधला. शोप यांनी आयोवातल्या गायींचा अभ्यास केला आणि दाखवलं की वेडी खाज आणि हंगेरीतला रोग एकच आहे. आणि तो येतो शेजारच्या डुकरांकडून. डुकरं मात्र बघायला गेलं तर ठणठणीत.

म्हणजे काय? हा विषाणू मुळात डुकराचा. मोठ्या डुकराला तो झाला तर थोडी शिंक, थोडा ताप, दोन दिवस खाणं कमी, बस. पण तोच विषाणू दोन आठवड्यांच्या आतल्या पिलाला झाला तर तो नाकातून शिरतो, मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूत जातो, पिलू थरथरतं, पडल्या पडल्या पाय मारतं, आणि अशा वयाची पिलं जवळपास सगळी मरतात. गाभण मादी गाभ टाकते. आणि गाय, शेळी, कुत्रा, मांजर यांच्यात गेला तर त्यांचा खेळ तिथेच संपतो. ज्या घरात विषाणू पिढ्यान्‌पिढ्या राहतो, ते घर तो जाळत नाही. पाहुणा म्हणून जातो तिथे मात्र आग लावतो.

हा विषाणू नागीण-कुळातला, हर्पीस कुळातला. या कुळाची एक सवय आहे, आणि ती तुम्हाला माहीत आहे, फक्त नाव माहीत नाही. लहानपणी तुम्हाला कांजिण्या झाल्या असतील. बऱ्या झाल्या. पण विषाणू गेला का? नाही. तो पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन झोपला. चाळीस-पन्नास वर्षांनी, वय झालं, आजारपण आलं, ताण आला, की तो जागा होतो आणि कमरेला पट्ट्यासारखे फोड येतात. आपण म्हणतो, नागीण झाली. कांजिण्या आणि नागीण हा एकच विषाणू आहे, फक्त मधे झोप काढलेला.

डुकराचा ऑयेस्की विषाणू या कांजिण्यांच्या विषाणूचा अगदी जवळचा भाऊबंद. तोही बऱ्या झालेल्या डुकराच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर झोपतो. मादी व्याली, गाडीत घालून नेली, थंडीवाऱ्यात राहिली, की जागा होतो आणि नाकातून बाहेर पडतो. जनावर स्वतः आजारी दिसत नाही. शेजारच्या नव्या पिलांना मात्र लागण होते.

आता सांगा, याला कसं संपवायचं? बुळकांडीसारखं थांबून चालणार नाही. सहा महिने नवीन रुग्ण नाही म्हणून निश्चिंत झालात, की सातव्या महिन्यात एखादी म्हातारी डुकरीण व्याली की परत सुरू.

लशीला लावलेली खूण

इथे इतिहासातला माझ्या सगळ्यात आवडीचा भाग येतो.

साध्या लशीची एक अडचण असते. लस टोचली की रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. खरा रोग झाला तरी प्रतिपिंडंच तयार होतात. मग रक्त तपासून कसं कळणार, की या जनावराने फक्त लस घेतलीय, की याच्या अंगात खरा विषाणू झोपलाय? म्हणजे लस द्यावी तर शोध बंद, शोध घ्यावा तर लस बंद.

१९६१ मध्ये हंगेरीतच बार्था नावाच्या शास्त्रज्ञांनी ऑयेस्की विषाणू प्रयोगशाळेत वाढवत वाढवत सौम्य केला. बार्था वाण. त्याची लस उत्तम चालली. पुढे वीसेक वर्षांनी, विषाणूंची जनुकं वाचता यायला लागल्यावर, लक्षात आलं की या सौम्य विषाणूचा एक तुकडाच गळून पडलाय. विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं, जीई नावाचं. बार्था वाणात ते नाहीच. कुणी मुद्दाम काढलं नव्हतं, वाढवता वाढवता आपोआप गेलं होतं.

मग डोकं चाललं. ज्या डुकराने फक्त ही लस घेतली, त्याच्या रक्तात जीईविरुद्धची प्रतिपिंडं असूच शकत नाहीत. ज्याला खरा विषाणू लागलाय, त्याच्या रक्तात ती असणार. एक चाचणी, आणि चोर पकडला. नोटेवरच्या पाण्याच्या खुणेसारखंच आहे हे, फक्त उलटं. इथे खूण नसणं हीच खरी ओळख. नेदरलँड्समधल्या यान व्हान ऑयर्सकॉट यांच्या गटाने १९८० च्या दशकात ही चाचणी तयार केली. अशा लशीला आज खूण-लस किंवा मार्कर लस म्हणतात.

त्यावर मोहिमा उभ्या राहिल्या. सगळ्या डुकरांना लस. लशीने झोपलेला विषाणू मरत नाही, हे लक्षात ठेवा. पण तो जागा झाला तरी कमी बाहेर पडतो, आणि आजूबाजूच्या जनावरांना सहज लागत नाही. मग रक्ततपासणी करून जीई असलेली जनावरं हळूहळू कळपातून कमी करायची. अमेरिकेने १९८९ मध्ये मोहीम सुरू केली आणि २००४ संपता संपता त्यांचे सगळे व्यावसायिक कळप मुक्त झाले. जर्मनीसारख्या युरोपातल्या देशांनीही हे करून दाखवलं. पण सुस्तावून चालत नाही. २०११ च्या शेवटी चीनमध्ये लस दिलेल्या फार्मांवरच हा रोग पुन्हा भडकला, कारण विषाणूने थोडं रूप बदललं होतं. आणि अमेरिकेत रानडुकरांमध्ये तो आजही आहे.

आपल्या दावणीला काय आहे

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे डुकरांचा धंदा तो केवढा, आम्हाला काय त्याचं? थांबा. गायीचाही असा एक भाऊबंद विषाणू आहे. त्याच कुळातला, त्याच पोटजातीतला. त्याने होणाऱ्या रोगाला आयबीआर म्हणतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत, जिथे हजारो गुरं एकत्र ठेवून पोसतात अशा ठिकाणी हा ओळखला गेला. गायींची नाकं आतून लाल व्हायची, म्हणून लोक लाल नाक म्हणायचे. भारतातून याची पहिली नोंद १९७६ मध्ये झाली, वासरांमध्ये.

लक्षणं ऐका. ताप, नाकातून पाणी, लाल डोळे, दूध अचानक कमी. चार-आठ दिवसांत गाय बरी. वाटतं सर्दी होती. मग कुठे काही आठवड्यांनी, कुठे दोन-तीन महिन्यांनी, पाचव्या ते आठव्या महिन्यात गाभ पडतो. काही गायी पुन्हा पुन्हा उलटतात. वळूला झाला तर तो रेतातूनही जातो. आणि बरी झालेली गाय जन्मभर विषाणू बाळगते.

आमच्या गायीचं लाल डोळ्यांचं दमणं आता आठवतंय ना?

आता आपल्या जिल्ह्याचा इतिहास यात बसवा. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला बाएफ संस्था सुरू केली आणि संकरित गायींचं काम खेड्यापाड्यात नेलं. १९६८ मध्ये राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ झालं. तिथेच होल्स्टीन, जर्सी आणि गीर अशा तीन रक्तांची फुले त्रिवेणी गाय तयार झाली. १९७२ च्या दुष्काळात शेतीने हात टेकले, आणि पुढच्या काही दशकांत संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीगोंदा, पारनेरकडे दुधाने संसार सावरले. हे वाईट झालं असं मी म्हणत नाहीये. माझी कॉलेजची फी दुधाच्या पगारातूनच गेलीय.

पण त्याबरोबर जनावरांचं फिरणं वाढलं. लोणी, घोडेगाव, काष्टी, वाळकी, या बाजारांत लांबलांबून जनावरं येतात. हेडी म्हणजे व्यापारी ट्रक भरून आणतात, एका बाजारात नाही खपलं तर दुसऱ्या बाजारात नेतात. प्रवास, उपास, ऊन, अनोळखी गर्दी. झोपलेल्या हर्पीस विषाणूला उठवायला याहून चांगला गजर नाही. दुष्काळात चारा छावण्या लागतात, २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यात किती लागल्या होत्या ते तुम्ही पाहिलंय. जनावरं जगवायला त्या लागतातच. पण अर्धपोटी शेकडो जनावरं एका ठिकाणी, हेही आहेच.

२०२२ मध्ये लंपी आला. जळगावकडून महाराष्ट्रात शिरला आणि बघता बघता आपल्याकडे. तेव्हा आपण कसे वागलो? बाजार बंद, पोळा साधेपणाने, गावोगाव लसीकरण. का? कारण गाठी दिसत होत्या. दिसणाऱ्या रोगाला सगळं गाव घाबरतं. आयबीआरची गाय बाजारात उभी असते तेव्हा तिच्या अंगावर काही लिहिलेलं नसतं.

युरोपातल्या काही देशांनी आयबीआर संपवलाय. त्यासाठी गायीसाठीही जीई काढलेली खूण-लस आली, डुकरांकडून शिकलेला तोच धडा. पण त्यांच्या मोहिमेत शेवटची पायरी असते विषाणू बाळगणारी जनावरं कळपातून कायमची काढण्याची, आणि ती तिथे कत्तलखान्यात जातात. आपल्याकडे तो रस्ता नाही. गोवंश हत्येवर कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याबद्दल तुमचं मत काहीही असो, हिशोब एवढाच उरतो, की नको असलेली गाय एक तर गोठ्यात राहते, नाही तर बाजारात जाते. आणि बाजारात जाते म्हणजे दुसऱ्याच्या दावणीला जाते.

आम्ही काय केलं

आता आमच्या घराचा वाटा सांगतो, जो सांगायचा होता.

दुसऱ्या गायीने गाभ टाकल्यावर अण्णांनी ती बाजारातून आणलेली गाय विकली. भाड्याच्या टेम्पोत घालून, दुसऱ्या बाजारात. घेणाऱ्याने विचारलं, "गाभण राहते का नीट?" अण्णा म्हणाले, "राहते की." मी शेजारी उभा होतो. मी काही बोललो नाही. घेणारा माझ्याच वयाचा होता, त्याच्याबरोबर त्याची आई होती. त्यांनी गायीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि नेली.

पुढच्या वर्षी गावात आलेल्या पशुवैद्यकांनी आमच्या गोठ्यातलं रक्त तपासायला पाठवलं. ब्रुसेला निघाला नाही. दोन गायींमध्ये आयबीआर निघाला, त्यात ती बहिणीची गायही होती. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरून जनावर आणलं होतं का?" अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, "आणलं होतं. दिलं पण."

अण्णा वाईट माणूस नाहीत. सत्तर हजार त्यांनी उसने घेतले होते. त्यांना ज्याने विकली त्यानेही सांगितलं नव्हतं. त्यालाही कदाचित कुणी सांगितलं नसेल. अशी ही साखळी आहे. विषाणू मज्जातंतूच्या गाठीत लपतो हे खरं, पण एका गावातून दुसऱ्या गावात जाताना तो आपल्या गप्प बसण्यात लपून जातो. हे मला अण्णांना सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगतोय. त्यांची परवानगी घेतलीय. "सांग," म्हणाले, "पण माझं नाव नको." म्हणून अण्णा एवढंच.

मग करायचं काय

इतिहास ऐकून नुसतं हळहळायचं नाही. हे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक. नवीन जनावर आणलं की किमान तीन-चार आठवडे वेगळं बांधा. जागा नसेल तर बांधाच्या झाडाखाली, पण गव्हाण वेगळी, पाण्याचं भांडं वेगळं. त्याचं चारापाणी आणि धार सगळ्यात शेवटी. शक्य असेल तर विकत घेण्याआधीच रक्त तपासून घ्या. सत्तर हजाराच्या मोबाईलचा डबा आपण चार वेळा उघडून बघतो, गायीचं रक्त एकदा तपासायला काय हरकत आहे?

दोन. गाभ पडला तर उघड्या हाताने हात लावू नका. हे फार महत्त्वाचं आहे. गाभ पडण्याचं कारण ब्रुसेला असेल तर तो माणसाला होतो, आणि महिनोन्‌महिने ताप आणि सांधेदुखी मागे लावतो. हातमोजे घाला, पडलेला गाभ आणि वार कुत्र्यांपुढे टाकू नका, ओढ्यात टाकू नका. आधी पशुवैद्यकांना कळवा, १९६२ या नंबरवर फोन करा. नमुने घेऊन झाले की चुना टाकून खोल पुरा.

तीन. नुसतं इंजेक्शन मागू नका, तपासणी मागा. ब्रुसेला आणि आयबीआर दोन्हींची. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे, पशुवैद्यकांमार्फत नमुने तिथे जातात. कारण कळल्याशिवाय उपाय म्हणजे अंधारात दगड.

चार. गाय भरवायची तर गावातल्या फिरत्या वळूकडे नेऊ नका. मान्यताप्राप्त केंद्रातली रेतमात्रा घ्या. तिथल्या वळूंची या रोगांसाठी तपासणी करायचा नियम आहे.

पाच. ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना सरकारी कार्यक्रमात देतात, ती चुकवू नका. आयबीआरच्या लशीबद्दल आपल्या पशुवैद्यकांशी बोला, आणि विचारा की ती खूण-लस आहे का. साधी लस दिली तर पुढे चोर ओळखता येणार नाही, हे आता तुम्हाला कळलंय.

सहा. घरात विषाणू बाळगणारी गाय असेल तर घाबरू नका. ती दूध देते, तिचं दूध उकळून प्यायला हरकत नाही, आयबीआर माणसाला होत नाही. फक्त तिला नव्या जनावरांपासून, लहान कालवडींपासून लांब ठेवा. तिला फिरवू नका. आणि विकायचीच झाली तर सांगून विका. भाव कमी येईल. येऊ द्या.

डुकरं पाळणाऱ्या दोस्तांनाही एक शब्द. गायी आणि डुकरं शेजारी ठेवू नका, कुत्र्या-मांजरांना डुकराचं कच्चं मांस घालू नका, आणि पिलं अचानक थरथरून मरायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. शोप यांना १९३१ मध्ये जे कळलं, ते आपल्याला कळायला नवी साथ यायची गरज नाही.

बुळकांडी संपवायला लस लागली, पैसा लागला, पण शेवटी गावोगाव फिरून "तुमच्याकडे आजारी जनावर आहे का?" असं विचारणारी माणसं लागली, आणि खरं उत्तर देणारे शेतकरी लागले. लपणाऱ्या विषाणूसाठी ते खरं उत्तर अजूनच जास्त लागणार आहे.

बहिणीची ती गाय अजून आमच्याकडे आहे. गोठ्याच्या त्या टोकाला वेगळी बांधतो. नंतर ती दोनदा नीट व्याली. दुसरी, जी आम्ही विकली, ती कुठे आहे मला माहीत नाही. काळ्या-पांढऱ्या रंगाची, डाव्या कानाला खाच, कपाळावर बदामासारखा पांढरा ठिपका. तुमच्यापैकी कुणाच्या दावणीला असेल, तर तिचं रक्त तपासून घ्या. आणि मला कळवा. रागवायचं असेल तर रागवा, तो हक्क आहे तुमचा.

भेटू पुढच्या भागात. धारा काढून झाल्या असतील तर हात धुवा, आणि हा भाग ज्याच्या घरी गाय आहे अशा एकाला तरी पाठवा.